कातळशिल्पांच्या फोटोंचं प्रदर्शन : प्रिंटर घ्यावा की बाहेरून प्रिंट काढून घ्यावी? आणि कागद कुठला?

सड्यावरचा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे जवळपास वाचनमात्रच होतो, एखाद-दुसरा प्रतिसाद दिला असेल तेवढाच, धागा पहिल्यांदाच काढतोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

मी मूळचा राजापूरकडचा, नोकरी पुण्यात. गेली सहा-सात वर्षं सुट्टीत गावी गेलो की कातळशिल्पांचे (सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या तांबड्या खडकाच्या उघड्या पठारावर, खोदलेल्या जुन्या चित्रांचे) फोटो काढतोय, बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, उक्षी, खाली सिंधुदुर्गात कुडोपी, आणि एकदा तर गोव्यात उसगाळीमळपर्यंत जाऊन आलो. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत ही शिल्पं गेली तेव्हापासून ओळखीतले लोक विचारतात की फोटो बघायला कुठे मिळतील, आणि आता जानेवारीत पुण्यात एक हॉल आठवडाभरासाठी मिळतोय. २४ फ्रेम लागतील एवढी भिंत आहे. १६ फोटो ब्लॅक अँड व्हाइट, सकाळी सात-साडेसातचं तिरपं ऊन जांभ्यावर पडतं ना, तेव्हा खोदलेली रेघ नीट दिसते, ते सगळे. उरलेले ८ रंगीत, पावसातले, रेघांमध्ये पाणी साचलंय आणि भोवती ते आपलं सड्यावरचं पोपटी गवत.

कॅमेरा २४ मेगापिक्सेल, काही ड्रोनचे २० मेगापिक्सेलचे (कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब आहे, तो जमिनीवर उभं राहून दिसतच नाही). साइझ १२×१८ आणि पाच-सहा फोटो १६×२४ करायचे मनात आहे.

आता रडगाणं. ट्रायल म्हणून एका लॅबमधून चार १२×१८ काढून आणले तर ब्लॅक अँड व्हाइटला हिरवट झाक, रंगीतमध्ये जांभा गुलाबी झालाय चक्क, आणि सगळेच स्क्रीनवर दिसतात त्यापेक्षा काळपट. म्हणून डोक्यात आलं की सरळ स्वतःचा प्रिंटर घ्यावा आणि मनासारखं करावं. बजेट फ्रेमसकट लाख-सव्वालाख. युट्यूब बघून बघून एपसन की कॅनन, डाय की पिगमेंट शाई, बरायटा (किंचित चमकदार) की मॅट (बिनचमकीचा) कागद या सगळ्याची डोक्यात खिचडी झालीये. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

निगेटिव्हकाका

विषय आवडला. एकदम मुद्द्यावर येतो, २४ प्रिंटसाठी प्रिंटर घेऊ नका. हे मी घरात १७ इंची एपसन पी९०० ठेवून सांगतोय, म्हणजे द्राक्षं आंबट म्हणून नाही.

प्रिंटरची किंमत हा खर्चाचा पहिला हप्ता असतो फक्त. पी९०० मध्ये १० रंगांच्या ५० मिलीच्या टाक्या, कॅनन प्रो-१००० मध्ये ८० मिलीच्या १२. नवीन प्रिंटर पहिल्यांदा सुरू केला की त्यातली बरीचशी शाई नळ्या भरण्यातच जाते, म्हणजे सोबत आलेला सेट तुम्हाला वाटतो तेवढा पुरत नाही, आणि दुसरा सेट घ्यायला गेलात की घाम फुटतो. छोटे भाऊ घ्याल (पी७०० किंवा कॅनन प्रो-३००) तर ते १३ इंची, १२×१८ आरामात निघेल पण त्यापुढे नाही, आणि प्रो-३०० च्या टाक्या १४.४ मिलीच्या आहेत, आज हा रंग संपला उद्या तो.

आणि एक गोष्ट दुकानदार सांगत नाही ती सांगतो. तुमचं १६×२४ हे माप १७ इंची प्रिंटरच्या नेहमीच्या शीटमध्ये बसत नाही! शीट सहज मिळतो तो १७×२२, नाहीतर ए२, तो २३.४ इंच लांब. पी९०० ला रोल लावता येतो पण ते अटॅचमेंट वेगळं विकत घ्यायचं, प्रो-१००० ला रोल नाहीच. मी तुमच्या जागी असतो तर मोठे सगळे १४×२१ केले असते, १७×२२ वर चारी बाजूंनी पांढरी कड सुटते, सही करायला जागा मिळते, आणि २४ मेगापिक्सेलची ६००० पिक्सेल लांबी २१ इंचात म्हणजे साधारण २८५ पीपीआय (इंचाला तेवढे पिक्सेल). ड्रोनचे ५४७२ असतील तर २६०. एवढं पुरतं हो, नाक लावून बघणारा एखादाच असतो आणि तो फोटोग्राफर असतो.

आता तुम्ही विचारलंय म्हणून डाय-पिगमेंट. डाय शाई पाण्यात विरघळलेली असते, चकचकीत कागदावर रंग सुंदर देते पण उजेडाने आणि हवेतल्या ओझोनने लवकर उडते. पिगमेंटमध्ये रंगाचे बारीक कण कागदावर बसतात, टिकतात जास्त. स्टुडिओवाले जे सहा रंगांचे टँकवाले ए३+ प्रिंटर वापरतात (एपसनचा एल१८०० वगैरे) ते डायचे. खरं सांगू का, आठवडाभराच्या प्रदर्शनासाठी डायची प्रिंट लावली तर कुणाच्या बापाला कळणार नाही. पण प्रिंट विकणार असाल, आणि घेणारा ती दहा-वीस वर्षं भिंतीवर ठेवणार असेल, तर पिगमेंटच, तिथे तडजोड नको. तेवढं ठरवा आधी, विकणार की नाही.

काळपट प्रिंटचं कारण तुमचा लॅपटॉप आहे, लॅब नाही. ब्राइटनेस फुल ठेवून एडिट केलं की फोटो आपोआप काळा केला जातो. स्क्रीन ८० ते १०० कँडेलावर (उजेडाचं माप) आणा, कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजून जुळवणारं यंत्र) कुणाकडून तरी दोन दिवस उसना आणा, आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर तर रंग जुळवूच नका, त्यातले बरेच पॅनल ४५ टक्के एनटीएससीवाले, म्हणजे कमीच रंग दाखवणारे असतात, तुमचं पोपटी गवत त्या पडद्याला माहीतच नाही.

कागद : ब्लॅक अँड व्हाइटला डोळे मिटून बरायटा. हानेम्यूलेचा फोटो रॅग बरायटा ३१५ जीएसएम किंवा बरायटासारखाच दिसणारा कॅन्सनचा प्लॅटीन ३१०. काळा असा येतो की बोट बुडेल.

टोनर_संपला

काकांना +१, प्रिंटर घेऊ नका. माझ्याकडे आहे एक. सध्या त्यावर कुंडी आहे.

झालं असं की टँकवाला डायचा घेतला आणि कुणीतरी सांगितलं म्हणून त्यात खुली मिळणारी ‘पिगमेंट’ शाई भरली, स्वस्तात मस्त म्हणून. दीड महिना भारी चाललं. मग एप्रिलमध्ये पंधरा दिवस गावी गेलो आणि आल्यावर नोझल चेक (शाईची छिद्रं चालू आहेत का ते दाखवणारी चाचणी प्रिंट) काढला तर निळ्याच्या रेघा अर्ध्या गायब. हेड (शाई फवारणारा भाग) क्लीनिंग केलं, परत केलं, परत केलं, अर्धी टाकी वेस्ट पॅडमध्ये (वाया शाई शोषणाऱ्या स्पंजमध्ये) ओतली, शेवटी सर्व्हिसवाला म्हणाला हेड गेलं आणि हेडची किंमत ऐकून मी चहा मागवला. चूक माझीच, प्रिंटर ज्या शाईसाठी बनवलाय तीच भरायची.

आणि जे घेणारच आहेत त्यांच्यासाठी : प्रिंटर कधीही भिंतीवरच्या बटणाने बंद करू नका. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणाने बंद केला तर हेड जाऊन टोपीत बसतं. मध्येच लाइट गेली की हेड उघडं राहतं आणि सुकतं. राजापूरला ठेवणार असाल तर यूपीएस आधी, प्रिंटर नंतर.

डार्करूमवाली

काकांच्या बाकी सगळ्याशी सहमत, पण ‘डोळे मिटून बरायटा’ला माझा ठाम विरोध. कागद डोळे मिटून निवडायचा असता तर फोटो तरी कशाला काढायचे.

बरायटाचं कौतुक मलाही आहे, मी वीसेक वर्षं खऱ्या डार्करूममध्ये फायबर पेपरवर काम केलंय आणि त्या कागदाच्या सगळ्यात जवळ जाणारा इंकजेट कागद तोच. कागद किती काळा होऊ शकतो त्याला डीमॅक्स म्हणतात, मॅट कॉटनचा साधारण १.६-१.७ असतो, बरायटाचा २.३ च्या आसपास, फरक नजरेला कळतो. पण तो काळा लागणार कुणाला? सड्यावरचा, तुमचे फोटो मी इथे तुमच्या आधीच्या प्रतिसादात बघितलेत. त्यात गडद काळं आहेच किती? रेघेची खोली काही सेंटीमीटर, तिच्या एका काठाला सावली, दुसऱ्याला ऊन, आणि बाकी सगळा जांभ्याचा खडबडीत मधला राखाडी. हे फोटो मधल्या टोनांवर उभे आहेत. त्याला मॅट कॉटनच शोभेल, हानेम्यूलेचा फोटो रॅग ३०८ किंवा कॅन्सनचा रॅग फोटोग्राफिक ३१०. बरायटाला पृष्ठभागाची स्वतःची चमक असते, स्पॉटलाइट पडला की ती चमक आणि दगडाचा पोत एकमेकांत भांडतात. मॅटवर दगड दगडासारखा दिसतो, हात लावावासा वाटतो. (हात लावू देऊ नका, मॅट प्रिंटवर नख लागलं तरी ओरखडा कायमचा.)

शिवाय काचेमागे गेलं की डीमॅक्सचा अर्धा फायदा काचेवरच्या प्रतिबिंबातच जातो. बिनकाचेचं लावणार असाल तर बरायटाचं बोलू.

रंगीत आठ मात्र वेगळे. ओला कातळ, साचलेलं पाणी, त्यात आभाळ, तिथे चमक हवी, ते बरायटावर न्या. आणि ते पोपटी गवत मॅटवर मरतं, सॉफ्टप्रूफ (कागदावर प्रिंट कशी दिसेल ते स्क्रीनवरच बघणं) लावून बघा, गॅमट वॉर्निंगने (कागदाला न जमणारे रंग दाखवणाऱ्या खुणेने) अर्धा फोटो रंगून जाईल. फक्त एक करा, दोन्ही कागद एकाच भिंतीवर शेजारी शेजारी लावू नका. दोघांचा पांढरा वेगळा असतो, एकेकटा बघितला तर कळत नाही, शेजारी ठेवला की एक पिवळट आणि दुसरा निळसर दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं काहीतरी चुकलंय. ब्लॅक अँड व्हाइटची भिंत वेगळी, पावसाची वेगळी.

कागद घेताना ओबीए आहे का ते बघा, म्हणजे कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घातलेलं ब्राइटनर, कपड्याच्या नीळसारखं समजा. अतिनील उजेडात चमकतं आणि काही वर्षांत त्याचा जोर ओसरला की कागद पिवळट पडतो. विकायच्या प्रिंटसाठी बिनओबीएचा बरा.

निगेटिव्हकाका

ताई, हार मान्य नाही पण मुद्दा मान्य :) फोटो मी बघितलेच नव्हते, ब्लॅक अँड व्हाइट वाचलं आणि हात आपोआप बरायटाकडे गेला. दगडाच्या पोताला मॅट, बरोबर आहे. मॅटवर काढताना प्रिंटरमध्ये मीडिया टाइप मॅटचाच निवडा हे मात्र लिहून ठेवा, नाहीतर तो मॅट ब्लॅकऐवजी फोटो ब्लॅक फेकतो आणि काळ्याच्या जागी राखाडी चिखल येतो. एपसनच्या जुन्या ३८८० आणि पी८०० मध्ये दोन्ही काळ्यांची अदलाबदल करताना शाई वाया जायची, पी९०० मध्ये दोघांना वेगळी नोझल्स आहेत म्हणून ती कटकट गेली.

सांगलीचा_लॅबवाला

मी स्वतः लॅब चालवतो त्यामुळे थोडी आमची बाजू.

गुलाबी जांभा आणि हिरवट ब्लॅक अँड व्हाइट का झालं सांगतो. आमच्या मोठ्या मशीनवर जी प्रिंट निघते ती शाईची नसते, फोटोपेपरवर लेझरने एक्स्पोज करून केमिकलमध्ये धुतलेली असते, आणि तो कागद रंगीत. म्हणजे तुमचा राखाडी हा तीन रंगांच्या थरांतून बनतो, केमिकल जरा इकडेतिकडे झालं की झाक आलीच. चांगल्या फोटो इंकजेटमध्ये काळ्याबरोबर राखाडी शाया वेगळ्या असतात, म्हणून ब्लॅक अँड व्हाइट तिकडेच करा, एपसनच्या ड्रायव्हरमध्ये त्यासाठी वेगळा मोडच आहे. दुसरं, काउंटरवरचा पोरगा सवयीने ऑटो करेक्शन चालू ठेवतो कारण दिवसभर लग्नाचे फोटो, चेहरे गोरे आणि गुलाबी करायचे असतात. मशीनला जांभा आणि नवरदेव सारखाच वाटला असणार. पुढच्या वेळी ऑर्डरवर ‘नो करेक्शन’ लिहा आणि तोंडानेही सांगा.

फाइन आर्ट प्रिंट करणारे पुण्या-मुंबईत बरेच आहेत, त्यांच्याकडे जाताना हे विचारा की कुठला प्रिंटर, कुठली शाई (ओरिजिनल का), आणि ज्या कागदावर काढणार त्याचं आयसीसी प्रोफाइल (तो प्रिंटर त्या कागदावर रंग कसे काढतो ते सांगणारी फाइल) मला मेल कराल का. जो प्रोफाइल म्हणजे काय असं विचारेल तिथून नमस्कार करून निघा. प्रोफाइल मिळालं की घरीच सॉफ्टप्रूफ करा, रेलेटिव्ह कलरिमेट्रिक ठेवून ब्लॅक पॉइंटची टिकली मारून बघा, गवताच्या फोटोंना परसेप्चुअल लावून बघा (रंग कागदाच्या आवाक्यात बसवायच्या या दोन पद्धती), जे बरं दिसेल ते. फाइल एसआरजीबीत देऊ का अडोबी आरजीबीत (रंग साठवायच्या दोन पद्धती) तेही त्यांनाच विचारा, अंदाजाने देऊ नका.

आणि थेट २४ काढू नका. आठ फोटोंच्या महत्त्वाच्या भागांच्या पट्ट्या एकाच ए३ वर बसवा, एक ए३ मॅट आणि एक बरायटा. खर्च किरकोळ, डोकेदुखी सगळी वाचते.

सड्यावरचा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. आठ दिवस गायब होतो कारण सांगितलेलं सगळं करून बघत होतो.

प्रिंटरचा विषय बंद. (टोनर_संपला, तुमच्या कुंडीचा फोटो टाका.) मित्राकडून कॅलिब्रेटर आणला, स्क्रीन ९० वर आणली, पहिल्या दिवशी वाटलं लॅपटॉप बिघडलाय एवढा अंधार, दुसऱ्या दिवशी सवय झाली. आणि मग माझे सगळे फोटो काळे आहेत हे मलाच दिसलं.

एका फाइन आर्टवाल्याकडून पट्ट्या काढल्या, त्याने प्रोफाइल न मागता पाठवलं. मॅट आणि बरायटा दोन्ही समोर ठेवले. ताई, तुमचं शंभर टक्के खरं. उक्षीच्या हत्तीची पट्टी मॅटवर बघताना आमच्या आईने त्यावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघितलं, धूळ लागली का म्हणून. (मग मी ओरडलो.) पण देवाचे गोठणेच्या एका फोटोत अर्ध्या भागात झाडाची दाट सावली आहे, तो मॅटवर फिका पडला, बरायटावर जबरदस्त. त्या एकासाठी काय करू? आणि पट्ट्या हॉलमध्ये नेऊन बघितल्या तर घरी ट्यूबखाली जे छान होतं ते तिथल्या पिवळ्या स्पॉटखाली अजूनच तांबूस. तिसरं, फ्रेमवाला म्हणतो प्रिंट सनबोर्डला चिकटवून लॅमिनेट करून देतो, काच नको, स्वस्तात पडेल.

डार्करूमवाली

तो एक फोटो गाळा. कितीही आवडता असला तरी. नाहीतर सावलीचा भाग एडिटिंगच्या कर्व्हमध्ये थोडा उजळ करून बघा, मॅटवर सावलीत तपशील दिसला की फिकेपणा खटकत नाही. त्या एकासाठी पंधरा फोटोंचा कागद बदलू नका.

लॅमिनेशनला हात जोडून नाही म्हणा! एवढा कॉटनचा कागद घेऊन त्यावर प्लास्टिक चढवायचं म्हणजे पैठणीवर रेनकोट.

खिळा_हातोडी

फ्रेमिंगचं मी बोलतो, पंचवीस वर्षं हेच करतोय, त्यातली बरीचशी चिपळूणला.

चिकटवणं नको. प्रिंट वरच्या कडेला दोन ठिकाणी ॲसिड-फ्री टेपने लटकती ठेवायची, खाली मोकळी. कागद हवेतला ओलावा पितो आणि फुगतो, चारी बाजूंनी जखडला की पोट येतं. वर विंडो कापलेला माउंटबोर्ड, तोही ॲसिड-फ्री, त्यामुळे प्रिंट आणि काचेत दोन-तीन मिलिमीटर फट राहते. ती फट नसेल तर पहिल्याच पावसात प्रिंट काचेला चिकटते, आणि चिकटलेली सोडवायला गेलात तर शाई काचेवर राहते, कागद हातात. मागे साधा तपकिरी पुठ्ठा आणि डबल साइड टेप चालणार नाही, त्याचं ॲसिड पुढे येतं. प्रदर्शन झाल्यावर फ्रेम गावच्या घरी जाणार असतील तर बाहेरच्या भिंतीला टांगू नका आणि मागच्या चारी कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे लावा, भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळली पाहिजे. बुरशी मागूनच येते.

घाईही नको. प्रिंट निघाल्यावर किमान एक दिवस मध्ये साधा कोरा कागद घालून उघडी ठेवायची, शाईतला द्रव उडून जायला वेळ लागतो. संध्याकाळी काढली आणि रात्रीच फ्रेम केली की चार दिवसांनी काचेवर आतून धुकं धरतं. बरायटाला तर मी दोन दिवस देतो.

काच साधी दोन एमएम चालेल. नॉन-रिफ्लेक्टिव्ह म्हणून जी दाणेदार काच मिळते ती घेऊ नका, माउंटच्या उंचीवर ठेवली की फोटो धूसर दिसतो. चांगली कोटिंगवाली परवडत असेल तर फक्त मोठ्यांना लावा.

सांगलीचा_लॅबवाला

पिवळ्या स्पॉटसाठी फाइलमध्ये रंग बदलत बसू नका, विकत घेणाऱ्याच्या घरी पिवळा स्पॉट नसेल. हॉलवाल्याला विचारा बल्ब बदलू देतो का. ४००० केल्विनच्या आसपासचे, सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वरचे एलईडी स्पॉट मिळतात, बरेच हॉलवाले स्वतःचे बल्ब लावू देतात फक्त जाताना जुने परत बसवून द्यायचे. नाहीच जमलं तर प्रिंट थोडी उजळ काढा, रंगाला हात लावू नका.

सड्यावरचा

ठरलं. १५ मॅटवर, ८ बरायटावर, देवाचे गोठणेवाला गाळला (रात्री झोप नाही लागली पण गाळला). हॉलवाल्याला फोन केला, बल्ब बदलू देतो म्हणाला. कशेळीचा हत्ती एकट्यालाच एक भिंत द्यावी आणि रोलवर २४×३६ काढावा असं आता मनात येतंय, ५४७२ पिक्सेल ३६ इंचात म्हणजे १५२ पीपीआय होतात, चालेल का?

निगेटिव्हकाका

हत्तीला चालेल. लोक सहा-सात फुटांवरून बघणार, जवळ जाऊन जांभ्याचे दाणे मोजणार नाहीत. आधी त्याच मापाला मोठा करून मधला एक फूट तुकडा काढून बघा म्हणजे झालं.

टोनर_संपला

बल्ब बदलायला शिडी कोण देणार ते हॉलवाल्याला आत्ताच विचारून ठेवा. आमच्या वेळी शिडी चौकीदाराच्या गावी होती.

(कुंडीचा फोटो उद्या टाकतो, शेवंतीला कळ्या आल्यात.)